तेवीस मिनिटं, चाळीस सेकंद

मंगळवार, ३ मे

आज घड्याळ लावून मोजलं. बटण दाबल्यापासून कोरलची ईमेल पडद्यावर उघडेपर्यंत तेवीस मिनिटं चाळीस सेकंद. एवढ्या वेळात मी खाणीतला पिंजरा सात वेळा खाली सोडून वर आणला असता, माणसांसकट.

चौतीस वर्षं तो पिंजरा चढवणारं-उतरवणारं इंजिन चालवलं आणि प्रत्येक पाळीची नोंद वहीत केली. निवृत्तीनंतर वहीत लिहिण्याजोगं काही उरलं नव्हतं. आता मिळालं आहे. मागच्या खोलीतला ट्रेसीचा जुना कॉम्प्युटर, काळा, ट्रंकेएवढा. पोरगी बारा वर्षांपूर्वी लग्न करून पार देशाच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला कराथाला गेली आणि हे धूड माझ्या आणि कोरलच्या गळ्यात टाकून गेली.

महिनाभर झाला, कोरल पहाटे पाचला उठून तो चालू करते. त्याचा पंखा ट्रकसारखा घरघरतो. माझी झोप मोडते.

"इतक्या पहाटे काय अडलंय तुझं?" मी विचारलं.

"ईमेल बघायची असते."

"कुणाची?"

"ट्रेसीची."

तिकडे तेव्हा रात्रीचे तीन असतात. पण ट्रेसीला रात्रपाळ्या असतात म्हणा.

"तू उठायच्या आत बघून होतं, म्हणून पाचला," ती म्हणाली. "लवकर सुरू झाला तर मला तरी कशाला पहाटे उठायला लागेल, अ‍ॅथल?"

बरोबर आहे. हातात घेतो.

गुरुवार, ५ मे

झाकण उघडलं. आत मांजरीचे केस, गालिच्याचा भुसा आणि एक मेलेला कोळी. सायकलच्या पंपाने सगळं झटकलं. पंखा आता शहाण्यासारखा फिरतो. बावीस मिनिटं दहा सेकंद. म्हणजे दुखणं धुळीचं नव्हतं, पण घरघर तरी गेली.

कोरल रात्री पुन्हा जेवली नाही. तिच्या वाटचे सॉसेज मांजरीने खाल्ले. पोट बरोबर नाही म्हणते. दुकानातून पोटाच्या गोळ्या आणून दिल्या. "ठेव तिथे," म्हणाली.

बुधवार, ११ मे

एक चोर सापडला. यंत्र रोज सुरू होताना तारीख विसरतं आणि पार २००५ सालच्या एक जानेवारीला जाऊन बसतं. आत नाण्याएवढी एक बॅटरी असते, ती मेली होती. कचरा डेपोवर नेव्ह ब्रॅमिचचं भंगाराचं दुकान आहे, तिथे गेलो. नेव्ह पूर्वी माझ्याबरोबर खाणीत होता.

"नवा घे की लेका," नेव्ह म्हणाला. "या वयात जुन्याची हौस कशाला?"

"चालणारं यंत्र टाकायचं नसतं."

"चालतंय कुठे? रांगतंय ते." त्याने डबा उपसून बॅटरी काढून दिली. मग विचारलं, "कोरल कशी आहे? परवा चर्चच्या विक्रीत दिसली, किती उतरलीय रे."

"पोट बिघडलंय," मी म्हटलं.

बॅटरी बसवली. एकवीस मिनिटं. कोरलला म्हटलं, बघ, आता तारीख बरोबर दाखवतो. तर म्हणते, "मी रोज सकाळी हाताने बदलत होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू कुठे विचारलंस?"

सोमवार, १६ मे

आजचा दिवस सार्थकी लागला. यंत्र जागं होताना त्याच्याबरोबर आणखी काय काय जागं होतं ते शोधून काढलं. एकतीस कार्यक्रम! ट्रेसीच्या जुन्या गाण्यांचा, कुठल्याशा फेकून दिलेल्या प्रिंटरचा, पत्त्यांच्या खेळाचा. सगळे एकदम दारातून आत घुसायला बघतात आणि उंबरठ्यावरच अडकतात. पाळी बदलताना पिंजऱ्याच्या दाराशी असंच व्हायचं. तिथे मी एका वेळी सोळाच माणसं आत घ्यायचो.

वहीत सगळ्यांची नावं लिहिली आणि चोवीस बंद केले. त्यात वेळेची आठवण करून देणारं एक रंगीत कॅलेंडरही होतं, घंटा वाजवणारं. आमच्याकडे खाटकाने दिलेलं कॅलेंडर भिंतीवर आहे, त्यालाच कोणी विचारत नाही. तेही बंद केलं.

तेरा मिनिटं पाच सेकंद!

सांगायला घरात कोणी नव्हतं. कोरल लोकर आणायला बर्नीला गेली होती. दोन तास जायला, दोन तास यायला, तेही एकटीने, पावसात. संध्याकाळी आली ती रिकाम्या हाताने.

"हवा तो रंग नव्हता."

कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा चिकटवलेला दिसला. म्हणाली, ओरखडा गेला. आणि कोट न काढताच पलंगावर आडवी झाली.

रविवार, २२ मे

आज खरा रोग कळला. यंत्राच्या पोटातून टक्... टक् असा बारीक आवाज येतो. कान लावून ऐकला. हार्ड डिस्क जायला आली आहे. एकेक जागा मरत चालली आहे आणि मेलेल्या जागेवर सुई पुन्हा पुन्हा तेच वाचू पाहते, म्हणून हा उशीर. बाकी सगळं वरवरचं होतं. कान माझा अजून शाबूत आहे. खाणीत बेअरिंग जाणार असेल तर मला आठवडाभर आधी कळायचं.

नेव्हकडून दुसरी डिस्क आणली. जुनीवरचं सगळं तिच्यावर उतरवायला लावलं. पाच तास लागतील असं दाखवत होता.

अकराच्या सुमाराला पाऊस थांबला आणि चक्क ऊन पडलं. कोरल दारात आली. लाल टोपी घालून तयार.

"चल, ट्रायल हार्बरला जाऊ. समुद्र बघून येऊ."

"आज? हे उतरतंय ना."

"ते आपलं आपण उतरेल."

"मध्येच अडकलं तर? पुढच्या रविवारी जाऊ."

"पुढच्या रविवारी ऊन असेल असं कोणी सांगितलंय तुला?"

"आपल्या या पावसाळी झीहान गावात पन्नास वर्षं काढलीस, पावसाला घाबरायला लागलीस होय?"

ती हसली नाही. गाडीची किल्ली घेऊन एकटीच गेली. अंधार पडता पडता परत आली. बुटात वाळू होती. काय काय बघितलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, "समुद्र होता. होता तिथेच आहे."

उतरवणं नव्वद टक्क्यांवर अडकलं. उद्या पुन्हा पहिल्यापासून.

गुरुवार, २६ मे

घरात भांडण. लिहावं की नाही कळत नाही, पण पाळीच्या वहीत अपघातही लिहावे लागत, म्हणून लिहितो.

सकाळी कोरल मागच्या खोलीतून ओरडली. लग्नाच्या एक्केचाळीस वर्षांत तिचा असा आवाज ऐकला नव्हता. मी धावत गेलो.

"माझी घंटा कुठाय? ते कॅलेंडर! मंगळवारी वाजायला हवं होतं!"

"बंद केलं. त्याच्याने वेळ खाल्ला जात होता."

"मला न विचारता?"

"अगं, भिंतीवर..."

"भिंतीवर नाही लिहिलेलं ते! त्यांनी तारीख अलीकडे आणली होती. हल्ली माझ्या डोक्यात आकडा टिकत नाही, अ‍ॅथल, म्हणून त्या यंत्रात घातली होती!"

"कसली तारीख?"

मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "दाताची."

"मग दुसरी मागून घे. दातच तर आहेत."

"हो," म्हणाली. "दातच तर आहेत."

कपडे धुवायच्या खोलीत जाऊन तिने मशीन चालू केलं. थोड्या वेळाने मी टॉवेल द्यायला गेलो तर मशीन रिकामंच फिरत होतं आणि ती त्यावर दोन्ही हात टेकून उभी होती. पाठ हलत होती. मी टॉवेल दाराशी ठेवून आलो.

वरचे दात तिचे कवळीचे आहेत. खालचे मात्र स्वतःचे आहेत.

घंटा परत चालू करून ठेवली. त्याने चाळीस सेकंद वाढले.

शुक्रवार, ३ जून

झालं. नवी डिस्क बसली. एक्केचाळीस सेकंद. तीनदा मोजलं. कोरलला हाताला धरून आणून खुर्चीत बसवलं आणि बटण तिला दाबायला लावलं. पडदा उजळला, तिची ईमेल उघडली. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहान मुलाच्या फिरवतात तसा.

"छान केलंस," म्हणाली. पण वाचायच्या आधीच तिने पडदा बंद केला.

फायली नीट उतरल्या का ते तपासताना तिच्या कप्प्यात 'बर्नी' नावाचा एक कप्पा दिसला. उघडला नाही. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, म्हणून उघडला नाही, असं लिहिणार होतो. पण बोट तिथे बराच वेळ ठेवलं होतं आणि छाती धडधडत होती, तेही लिहायला हवं. सभ्य माणसाची अशी धडधडते का, ठाऊक नाही.

ती हल्ली दिवसभर रांधते. भोपळ्याचं सूप, मटणाचा रस्सा. स्वतः घासभर खाते. सगळं डब्यांत भरून फ्रीजरमध्ये, वर चिठ्ठ्या: किती मिनिटं गरम करायचं, मीठ घालू नको. मी म्हटलं, हिवाळ्यात रस्ता बंद पडला तरी उपाशी मरणार नाही आपण. तिने वॉशिंग मशीनचं कुठलं बटण कशाचं तेही मला दाखवलं. मला यंत्रं दाखवते!

रविवार, १२ जून

आज सांगितलं तिने. स्वयंपाकघरात, बटाटे सोलता सोलता, मान वर न करता.

"मंगळवारी मला बर्नीला घेऊन चल. इस्पितळात. ते गुंगीचं औषध देणार आहेत आणि गाडी चालवायला माणूस पाहिजे म्हणतात. नाहीतर मी अजूनही सांगितलं नसतं."

स्वादुपिंडात गाठ आहे. एप्रिलपासून तिला माहीत आहे. त्या लोकरीच्या दिवशी तपासणी होती. चोवीस मेला मोठ्या डॉक्टरांकडे जायचं होतं, मेलबर्नहून तीन आठवड्यांतून एकदाच येतात ते. आधी तारीख एकतीस होती, ईमेल पाठवून अलीकडे आणली. ती तारीख घंटेत होती, आणि घंटा मी बंद केली होती. गेली ती गेली. आता नवी तारीख चौदा जून. तीन आठवडे.

मी काय बोललो ते नीट आठवत नाही. बहुतेक "मला का नाही सांगितलंस" हेच चार-पाचदा.

"कारण तू स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला असतास," ती म्हणाली. रागाने नाही. "माझी आई आपल्याकडे होती तेव्हा आठवतं? तिच्या पलंगाला चाकं लावलीस, खोलीत घंटी बसवलीस, औषधांचं वेळापत्रक रंगवलंस. आणि तिच्याजवळ एकदाही बसला नाहीस. बिघडलेलं काही दिसलं की तू ते उघडतोस, अ‍ॅथल. मला थोडे दिवस असे हवे होते की कोणी मला दुरुस्त करत नाहीये."

"ते तीन आठवडे माझ्यामुळे गेले."

"गेले. त्याचं मला काही वाटत नाही."

"मग?"

तिने सोलाणं खाली ठेवलं. "त्या रविवारी समुद्रावर आला नाहीस, ते लागलं."

मी तिच्या हातातला बटाटा घेतला आणि सोलायला लागलो. ती म्हणाली, "बघ, लागलासच कामाला." आणि मग आम्ही दोघं हसलो, आणि मग हसू राहिलं नाही.

मंगळवार, १४ जून

बर्नी. डॉक्टर पोरगेलेसे, नम्र. कोरल गुंगीत होती तेव्हा त्यांना गाठून विचारलं, "आम्ही तीन आठवडे आधी आलो असतो तर?"

"फरक पडला नसता, मिस्टर पायबस. तेव्हाही शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती."

"नक्की?"

"माझ्या मते नक्की."

माणूस खोटं बोलणारा वाटला नाही. पण समोर म्हातारा रडवेला उभा असेल तर मीही तेच म्हटलं असतं. वहीत काय लिहू? कारण: अज्ञात. जबाबदार: अ. पायबस.

शनिवार, ९ जुलै

औषधाची दुसरी फेरी झाली. तोंड आलंय, पाणीही टोचतं तिला.

ते यंत्र आता एक्केचाळीस सेकंदांत सुरू होतं, आणि मी दिवसभर त्याच्यापुढे बसतो. मेलबर्न, सिडनी, जर्मनी. नवी औषधं, नवे प्रयोग. बासष्ट पानं छापून काढली, लाल पेनाने खुणा केल्या आणि आज तिच्या पलंगावर मांडली. तिने सगळी गोळा केली, कडा नीट जुळवल्या आणि मला परत दिली.

"वाचली का?"

"नाही. बस इथे."

"हे एक तरी..."

"अ‍ॅथल. पुरे. बस."

बसलो. दहा मिनिटांनी उठायला लागलो तर म्हणाली, "अजून." मग तिने शेजारच्या टोटीच्या कोंबड्यांविषयी काहीतरी सांगितलं. मी ऐकलं. अर्धा तास गेला असेल. पाळीत बसून काढलेल्या कुठल्याही अर्ध्या तासापेक्षा जड होता.

शनिवार, ६ ऑगस्ट

औषध बंद केलं. तिने ठरवलं, डॉक्टर हो म्हणाले. ट्रेसी विमानाने आली आहे.

तिघं ट्रायल हार्बरला गेलो. वारा एवढा की गाडीचं दार उघडेना. कोरल काच वर करून आतूनच बघत बसली. लाटा रस्त्यापर्यंत येत होत्या. "त्या दिवशी वाळूवर चालले होते मी," म्हणाली. मी तिला विचारलं, थांबायचं का आणखी. सव्वा तास थांबलो. ती त्यात बराच वेळ झोपली होती. ट्रेसी मागे बसून आवाज न करता रडत होती. मी समोरची काच पुसत राहिलो, आतून धुकं धरत होतं.

सोमवार, १२ सप्टेंबर

कोरल सकाळी सव्वासहाला गेली. घरीच. मी शेजारी होतो. बसून होतो.

बुधवार, २८ सप्टेंबर

ट्रेसी परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, आमच्याकडे चला. इथे एकटे काय करणार?" तिच्याकडे चाळीस अंश उन्हाळा. नाही म्हटलं. तिला कॉम्प्युटर घेऊन जा म्हटलं, तर म्हणाली, आता असला जुना कोण वापरतं. आईचे फोटो छोट्या डिस्कवर भरून घेतले तिने. चार मिनिटांत झालं. फ्रीजरमध्ये अकरा डबे होते, काल सहा राहिले. आज मी पाव खाल्ला.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

परवा नेव्ह दारात उभा राहिला. मला बाहेर काढायचे त्याचे डाव मला कळतात. मी नाही म्हणायच्या आत बोलून मोकळा झाला.

"मिसेस याव्होर्स्कीचा कॉम्प्युटर अर्धा अर्धा तास सुरू होत नाही. मी तुझं नाव सांगून बसलोय. गुरुवारी चारला. माझं नाक कापू नकोस."

या बाई स्टेशनमागच्या पिवळ्या घरात राहतात. नवरा पोलंडहून इथे धरणांवर कामाला आला होता, तो जाऊन नऊ वर्षं झाली. आजवर पोस्टात नमस्कारापुरतीच ओळख. वय पंच्याऐंशीच्या पुढे.

नेव्हकडून एक जुनी पण चांगली डिस्क घेऊन कोटाच्या आतल्या खिशात टाकली आणि गेलो. बटण दाबलं. डिस्कच होती, दोन मिनिटांत कळलं. उतरवणं, बसवणं धरून दोन तासांचं काम.

मी स्क्रू ड्रायव्हर काढला. बाई म्हणाल्या, "आधी चहा घ्या. तो कुठे पळून जात नाही." टेबलावर इस्त्रीचा टेबलक्लॉथ होता, खसखशीचा केक कापून ठेवलेला, दोन कप, दोन बश्या. केकचे तुकडे चार माणसांना पुरतील एवढे.

यंत्र कुरकुरत सुरू होत होतं आणि आम्ही चहा घेत होतो. बाई नवऱ्याविषयी सांगत होत्या, धरणाच्या भिंतीवर बर्फात उभा राहून काम करायचा त्याविषयी. मग म्हणाल्या, "तुमच्या बायकोने मला एकदा विणायला शिकवलं होतं. मला नीट जमलं नाही. फार हसली ती." हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, कधी? कुठे? काय विणत होता? त्यांनी सगळं सांगितलं. त्यांना चांगलं आठवत होतं.

पडदा उजळला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही.

"बिघाड सापडला का?" त्यांनी विचारलं.

"सापडला. एक भाग बदलावा लागेल."

"मग आज होणार नाही?" त्या कप गोळा करायच्या थांबल्या. "बर्नीहून मागवावा लागत असेल ना? म्हणजे तुम्हाला पुढच्या गुरुवारी परत यावं लागणार."

खिशातली डिस्क छातीला टोचत होती.

"हो," मी म्हटलं. "तिकडून यायला आठवडा तरी लागतो."

"लागू दे," बाई म्हणाल्या आणि उरलेला केक कागदात बांधायला लागल्या.